लंगोटवाल्या शिस्टर

आमच्या उपकेंद्रातल्या शिस्टर बाळाचं तोंड आधी कधीच बघायच्या नाहीत. नवं झबलं घालून, काजळतीट लावून तुम्ही बाळ त्यांच्या पुढ्यात धरलंत, तरी रजिस्टरातून मान वर न करता त्या विचारायच्या, "काल सकाळपास्नं आज सकाळपतुर लंगोट किती ओले झाले?" बाळंतीण गोंधळून सासूकडे बघायची, सासू छताकडे. "मोजलं न्हाई बाई," असं कुणी म्हणालं की संपलंच. "म्हशीनं किती दूध दिलं ते झोपेतबी सांगता, अन् पोरगं किती येळा मुतलं ते ठावं न्हाई व्हय?" गावाने त्यांचं नाव लंगोटवाल्या शिस्टर पाडलं होतं आणि ते त्यांच्या कानावरही गेलं होतं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. या बाईला कशाचंच काही वाटत नाही, असं मी तेव्हा धरूनच चालले होते.

आधीच सांगते, मी गोड लिहिणार नाही. शिस्टर निवृत्त होऊन गेल्यावर गावात एकेकाला त्यांचा उमाळा यायला लागला. "देवमाणूस होती हो," म्हणे. कसली देवमाणूस! तोंडाने अत्यंत फाटकी बाई होती. चार माणसांत कुणाचाही पाणउतारा करायची आणि वर पुढच्या बाईला हाक मारून मोकळी व्हायची. तिच्यावर माझा राग होता आणि अजून आहे. रागावलेल्या माणसानेही आठवण लिहावी, नाहीतर सगळ्या आठवणी सत्काराच्या भाषणासारख्या होतात.

मी नगरची. वडील कचेरीत कारकून, मी बी.कॉम. लग्न होऊन आले ती पुणतांब्याच्या अलीकडच्या या गावात. घरची पेरूची बाग, गोठ्यात सहा गाई, आणि नवरा शिर्डीला एका हॉटेलात काउंटरवर. दिवस राहिले तेव्हा आम्ही दोघंही अगदी शिकल्या माणसांसारखे वागायचं ठरवून बसलो होतो. पाचव्या महिन्यात मोबाईलमध्ये प्रश्नांची यादी करून आम्ही उपकेंद्रात गेलो. दूध कधी येतं, पुरतं का, वाढवायला काय खायचं, असे चौदा प्रश्न होते. बाहेर बाकावर सात-आठ बायका बसलेल्या. नवरा माणूस आत आला म्हणून त्या आधीच पदराआड हसत होत्या.

नवऱ्याने पहिलाच प्रश्न वाचला. "मॅडम, हिने रोज किती दूध प्यायलं म्हणजे हिला भरपूर दूध येईल?" शिस्टरनी चष्मा काढला. "तुमच्या गोठ्यातली गाय दूध पिती का रं?" बाहेरचा बाक खदखदला. मग त्या उठल्या आणि भिंतीकडे गेल्या. तिथे बाळाला पाजणाऱ्या आईचं एक सरकारी चित्र होतं आणि कुणा लाजऱ्या माणसाने त्यावर नेमक्या जागी पतसंस्थेचं कॅलेंडर टांगलेलं होतं. शिस्टरनी कॅलेंडर ओढून काढलं, कोपऱ्यात फेकलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "हिकडं बघ. खाली काय बघतो? पोर तुझंबी हाय ना?" तो बिचारा घामाघूम. आज वाटतं, नवऱ्याला त्या चित्रासमोर उभं करणारी ती तालुक्यातली एकटीच बाई असेल. पण त्या दिवशी मला नुसती धरणी दुभंगून पोटात घ्यावी असं झालं होतं.

एवढ्यावर थांबत्या तर ठीक होतं. मला म्हणाल्या, "दाखव. बोंडं आत वढलेली असली तर आत्ताच कळाय पायजे." नवरा तिथे, दार उघडं, बाहेर बायका. मी म्हटलं, "पडदा तरी लावा." "पडदा धुवाय गेलाय." मी म्हटलं, "मग मी नंतर येईन. मी काही अडाणी नाही, मला समजतं सगळं." त्यावर बाई काय बोलल्या असतील? "तेच तर दुखनं हाय. आडानी असतीस तर गप बसून ऐकलं असतंस. जा, मोबाईललाच इचार जा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, नवऱ्याचा हात धरला आणि चौदापैकी तेरा प्रश्न तसेच घेऊन घरी आले. पुन्हा त्या पायरीवर पाय ठेवला नाही. इंजेक्शनंसुद्धा राहात्याला जाऊन घेतली.

मग आम्ही खरोखरच मोबाईलला विचारलं. एक ताई होत्या, त्यांचा आवाज साखरेच्या पाकातून काढल्यासारखा. "माझ्या लाडक्या मैत्रिणींनो" म्हणत सुरुवात करायच्या आणि तिसऱ्या मिनिटाला स्वतःच्या चूर्णाची बाटली काढायच्या. दुसरी सांगायची, लसूण खा. तिसरी म्हणायची, लसणाने बाळाला गॅस होतो, लसणाकडे बघूही नका. गर्भारपणाचं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात कोणतं संगीत ऐकावं, कोणत्या रंगाची साडी नेसावी, उशाशी कोणतं चित्र ठेवावं, सगळं होतं. बाळाला छातीशी कसं धरायचं याबद्दल एक ओळ होती, "मातेने प्रसन्न चित्ताने स्तनपान करवावे." कसं करवावे, ते कोण सांगणार, कप्पाळ? नवऱ्याने तर कहर केला. हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांत कुणी डॉक्टर दिसला की तो त्यांना गाठायचा. एकांनी आपुलकीने पाऊण तास ऐकून घेतलं आणि शेवटी सांगितलं की ते डोळ्यांचे डॉक्टर आहेत.

एक मात्र खरं, हे सगळे लोक आमच्याशी गोड बोलले. कुणी आम्हाला हाकललं नाही. म्हणून आम्हाला तेच बरोबर वाटले.

सातव्या महिन्यात ओटीभरण झालं आणि रिवाजाप्रमाणे मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले. या रिवाजात एक भलतीच गोम आहे. नाव एका गावच्या रजिस्टरात, बाळंतपण दुसऱ्या गावात, नवरा तिसऱ्या गावात कामाला. कुणी कुणाला काय सांगितलं याचा मेळच बसत नाही. नगरच्या त्या दवाखान्याचं नाव मी घेणार नाही. मुलगी झाली. आईने आनंदाने साखर वाटली आणि माझं पहिलं दूध पिळून काढायला लावलं. घट्ट, पिवळंधमक होतं ते. "साठलेलं आहे गं, जड पडेल तिला," आई म्हणाली. तिला तिच्या आईने हेच सांगितलं होतं. दवाखान्यातली बाई तोवर पावडरीचा डबा आणि बाटली घेऊन हजर. "तुम्हाला दूध येईस्तोवर हे पाजा ताई, काही काळजी करू नका." किती प्रेमाने बोलली म्हणून सांगू!

पुढचे तीन आठवडे मी आजही विसरू शकत नाही. बाटलीची सवय लागलेली पोर मला तोंड लावायची, दोनदा ओढायची आणि टाहो फोडायची. माझी बोंडं चिरली, रक्त यायचं. ती रडली की आई म्हणायची, "आपल्या घराण्यात दूध कमीच," आणि बाटली भरायची. पावडर पचेना, म्हणून मग कुणाच्या तरी सांगण्यावरून ती पातळ करायला लागलो. पोरीचे गाल बसले. मांड्यांची कातडी सैल पडली. मी पाठ करून रडत असे आणि पाकातल्या ताई मोबाईलमधून सांगत असत, रडू नका, रडण्याने दूध आटतं. मला माझ्या मुलीला पाजायचं होतं, बाकी काही नको होतं, आणि तेवढंच मला येत नव्हतं.

बाविसाव्या दिवशी दुपारी फोन वाजला. "ए नगरवाली, पोरीचं जन्माचं वजन सांग. माझं रजिस्टर आडलंय." ना नमस्कार, ना चमत्कार. मी वजन सांगितलं. "लंगोट किती ओले?" मी म्हटलं, डायपर लावतो, समजत नाही. "डायपर काढ. फडकं बांध. उद्या ह्याच टायमाला फोन करते, मोजून ठिव." खरं सांगते, केवळ त्या बाईला तोंडावर पाडावं म्हणून मी मोजले. दुसऱ्या दिवशी फोन आला. मी म्हटलं, "तीन." निदान सहा तरी हवेत, हे मला नंतर कळलं. अगदी खालच्या आवाजात त्या म्हणाल्या, "पत्ता सांग."

रविवारी सकाळी पुणतांब्याहून गाडीत बसून शिस्टर नगरला आल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत झोळीचा वजनकाटा. आईने "या, बसा" म्हणेपर्यंत त्यांनी झोपाळ्याच्या कडीला काटा अडकवला होता. पोरीला झोळीत घातलं, काटा बघितला, कातडी चिमटीत धरून सोडली, टाळू चाचपली. कपाळाला आठ्या पडल्या. "उद्या सकाळी बाळाच्या डॉक्टरला दाखवायचं, समजलं? आता पयल्यापास्नं सांग. पयलं दूध कुठं गेलं?" मी सांगितलं. त्यांनी वळून आईकडे पाहिलं. "आमच्या गावात गाय व्याली की मानूस आधी वासराला चीक पाजतो, मग सोताचे हात धुतो. अन् तुमी शिकल्यासवरल्यांनी लेकराचा चीक मोरीत वतला? पोरीचं दूध तुमीच आटवलंत बाई."

माझी आई कधी कुणाला उलट बोललेली नाही. ती स्वयंपाकघरात निघून गेली. आतून भांड्यांचा आवाज आला नाही, म्हणजे ती रडत होती. शिस्टरना त्याचं काही नव्हतं. त्यांनी बाटली उचलून केराच्या डब्यात टाकली. "वरचं दूध एकदम तोडायचं न्हाई, पोर वाळलीय. पर पावडर डब्यावर लिवलंय तशीच करायची, पातळ न्हाई. अन् वाटीचमच्यानं. बाटली न्हाई." मग पलंगावर माझ्या शेजारी बसल्या. पोरीचा अंगरखा काढून तिला उघडीच माझ्या छातीवर टाकली. बराच वेळ तिला तशीच माझ्या अंगाच्या उबेला राहू दिली.

"आता तिचं नाक बोंडासमोर आन. तोंड मोठं उघडू दे. घाई करू नको. उघडलं? पोरीला तुझ्याकडं वढ. तू वाकू नको, तिला आन. नुसतं बोंड न्हाई, भवतीचा काळा भागबी जाऊ दे." चार वेळा चुकलं. चारही वेळा त्यांनी करंगळीने पोरीचं तोंड हलकेच सोडवलं आणि पुन्हा लावलं. तो हात इतका हळुवार होता की त्या तोंडाचा तो हात असेल हे खरं वाटेना. पाचव्यांदा काहीच दुखलं नाही. "आता गिळल्याला आवाज ऐक," त्या म्हणाल्या. मी कान दिला. पोर गिळत होती. मी हंबरडा फोडला. "रड," शिस्टर म्हणाल्या, "रडल्यानं काय आटत न्हाई. कुनी सांगितलं?"

तेव्हा माझ्या मनातलं बाहेर आलं. "हे सगळं पाचव्या महिन्यात का नाही सांगितलंत?" "सांगत हुते की. तू उठून गेलीस." "मी गेले नाही. तुम्ही हाकललंत मला. सगळ्यांसमोर." मला वाटलं, आता पट्टा सुटणार. पण त्या पोरीच्या हलणाऱ्या जबड्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "व्हय." एवढंच. पुढे ना मागे. आईने चहा आणून ठेवला होता, तो न घेताच त्या परतीच्या गाडीला गेल्या.

दूध आलं. एका दिवसात नाही, रडतकढत आलं. दर आठवड्याला वजन करायचं, वरचं दूध एक वाटी कमी करायचं, शिस्टरचा रोज फोन, रोज तोच प्रश्न आणि रोज एखादं तिरकं वाक्य. अडीच महिन्यांची झाली तेव्हा मुलगी पूर्ण माझ्या दुधावर आली. आज ती शाळेत जाते आणि तिच्या बडबडीने घर डोक्यावर घेते. पण माझी आई त्या रविवारनंतर, मी पोरीला पाजायला घेतलं की खोलीतून उठून जायची. मी "बस ना गं" म्हटलं तरी बसायची नाही. ज्या बाईने माझी मुलगी वाचवली, तिनेच माझ्या आईच्या जिवाला असा चरका दिला. आईला तेच चार शब्द नीट सांगितले असते तर ती ऐकणारी होती. तिच्याइतकी ऐकणारी बाई मी पाहिलेली नाही. ही गोष्ट मी शिस्टरना आजही माफ करू शकत नाही.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा ग्रामपंचायतीत शालनारळ झाला. मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांच्या खोलीवर गेले. पाथर्डीला परत जायचं म्हणून त्या भांडी पोत्यात भरत होत्या. मी दारातूनच सांगून टाकलं, "तुम्ही माझ्या आईला बोललात ते मी विसरलेले नाही." त्यांनी मान हलवली, ताटं वर्तमानपत्रात गुंडाळत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. माझ्या आधी, दुसऱ्या गावात असताना एक मुलगी अशीच त्यांच्या बोलण्याला कंटाळून उठून गेली होती. म्हशीचं दूध पाणी घालून पाजत राहिली. बाळाला हगवण लागली आणि ते गेलं. "मला मागून कळलं. फोन केला व्हता मी आधी. तिनं उचलला न्हाई. कशाला उचलंल? मी शिव्याच घालनार, तिला म्हाईत हुतं."

मी विचारलं, "मग तरी तुमचं तोंड सुधारलं नाही?" "लई ठरवलं," त्या म्हणाल्या. "पर वाळलेलं पोर समोर आलं की पोटात भ्या वाटतं गं. अन् मला भ्या वाटलं की शिवीच येती तोंडात. दुसरं काय येतच न्हाई." मी त्यांच्या हातातलं ताट घेतलं, गुंडाळलं, पोत्यात ठेवलं. पोत्याचं तोंड दोघींनी मिळून शिवलं. माफ केलं असं मी म्हणाले नाही आणि त्यांनीही मागितली नाही. टेम्पो आला, त्या पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. मला म्हणाल्या, "मागं सर, धूळ उडंल." पुन्हा भेट नाही.

उपकेंद्रात नवीन बाई आठवड्यातून एकदा येतात. मधल्या दिवसांत गावातल्या पोरी माझ्याकडे यायला लागल्या. मला जे येतं ते सगळं त्या बाईचं. धरायचं कसं, लावायचं कसं, डॉक्टरकडे कधी पळायचं, हात कसा लावायचा. दुर्दैव असं की तोंडही तिचंच आलं. सासूबाई म्हणतात, "अगं, हळू बोल, पोरी घाबरतात." मी म्हणायची, घाबरू देत.

गेल्या महिन्यात वस्तीवरची एक सून आली, आठवा महिना, सोबत नवरा. तिने मोबाईल काढून मला दाखवायला घेतला. पडद्यावर कुणी तरी गोड बाई सांगत होती, जन्मल्याबरोबर मध चाटवा, वाणी मधुर होते. तान्ह्या बाळाला मध कधीच देऊ नये; माझं डोकंच फिरलं. "मग तिलाच विचार ना! माझ्याकडे कशाला तंगडतोड करत आलीस?" पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मोबाईल पदरात गुंडाळला आणि दोघं उठली. मी माझ्या जागेवर बसून होते. ती फाटकाबाहेर पडली. रस्त्याला लागली. आठव्या महिन्याचं ओझं घेऊन फुफाट्यातून ती भराभरा चालत होती, माझ्यापासून लांब जाण्याची तिला इतकी घाई झाली होती.

मला चप्पल सापडेना. तशीच धावले. बांधाजवळ तिला गाठलं आणि तिचा दंड धरला. धाप लागली होती, नीट शब्द फुटत नव्हते. "चुकलं माझं," मी म्हटलं. "चुकलं गं. जाऊ नकोस. मी काही बोलणार नाही तुला." ती बघतच राहिली. तिचा नवराही थांबला. तिथेच बांधावर आम्ही तिघं बसलो. मग अंदाज घेत घेत तिने विचारलं, "काकू, बाळ झाल्यावर गिरान लागलं, तर त्या टायमाला पाजायचं का न्हाई?"

अख्खी शिवी जिभेच्या टोकावर आली. मी ती गिळली. तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "भूक लागली की पाजायचं, बाळा. ग्रहणातसुद्धा. विचार, अजून काय काय विचारायचंय?"